घरोघरी १९२.१६८.१.१०

ज्यांच्या संगणकांवर आपण दुरून देखरेख ठेवतो अशा दोन-चार ग्राहकांची नेटवर्कं शेजारीशेजारी ठेवून बघा. १९२.१६८.१.१० हा पत्ता बहुतेक सगळीकडे सापडेल. एकाकडे तो डोमेन कंट्रोलर असतो, दुसऱ्याकडे बॅकअप सर्व्हर, तिसऱ्याकडे कुणीतरी कधीतरी लावलेला आणि आता कुणाच्याच आठवणीत नसलेला प्रिंट सर्व्हर. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय. यात चूक कुणाचीच नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेल्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीनच पट्टे राखून ठेवले: १० ने सुरू होणारा सगळा, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. कुणीही, कुणालाही न विचारता ते वापरावेत हाच हेतू होता. जो तो आपापल्या भिंतीआड आहे तोवर काही बिघडत नाही. पण कुणीतरी मध्ये बसून या सगळ्यांची व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, एका खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारे आभासी संगणक) एकाच पडद्यावर बघायचं ठरवतो, आणि मग हा पत्ता आडवा येतो.

पहिला विचार सगळ्यांच्याच डोक्यात तोच येतो: प्रत्येक ग्राहकाकडे व्हीपीएन (दोन नेटवर्कं जोडणारा खाजगी बोगदा) टाकू आणि आपल्या सर्व्हरवरून सगळ्यांना विचारत बसू. पहिल्या ग्राहकाला छान चालतं. दुसऱ्यालाही, पत्ते वेगळे असले तर. गंमत होते ती तिसऱ्याला. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये कुठल्या पीअरमागे (पलीकडच्या टोकामागे) कुठले पत्ते आहेत ते ‘अलाउड आयपीज’मध्ये लिहावं लागतं, आणि एक पट्टा एका वेळी एकाच पीअरचा असू शकतो. दुसऱ्या पीअरला तोच पट्टा दिला की वायरगार्ड तक्रार करत नाही. पहिल्याकडून काढून दुसऱ्याला देऊन मोकळं होतं. म्हणजे नवा ग्राहक जोडला जातो, त्याचे ग्राफ सुरू होतात आणि त्याच मिनिटाला एका जुन्या ग्राहकाचे ग्राफ गप्प होतात. कुठे लाल अक्षर नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

यावर पत्ते बदलून घेण्याचा उपाय आहे. प्रत्येक ग्राहकाला १००.६४ च्या पट्ट्यातला एकेक तुकडा द्यायचा आणि एकास-एक नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, करायचं. तो पट्टा मुळात इंटरनेट सेवा देणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेला, त्यामुळे ग्राहकाच्या आतल्या नेटवर्कात तो सहसा नसतो. चालतं हे. पण मग अलर्टमध्ये एक पत्ता, ग्राहकाच्या माणसाच्या तोंडी दुसरा, आणि मध्ये एक तक्ता, जो अद्ययावत ठेवणारा माणूस नेमका रजेवर. माझं मत सरळ आहे: ग्राहकाचं नेटवर्क आपल्या दारात आणू नये. आपला एक माणूस त्याच्या घरात बसवावा आणि त्याने फक्त बाहेर निरोप पाठवावेत.

हा माणूस म्हणजे कलेक्टर, आकडे गोळा करणारा. एक छोटी व्हीएम: दोन व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), चार जीबी रॅम, चाळीस जीबी डिस्क. पन्नासेक मशीनना एवढी पुरते. झॅबिक्स हे देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर अ‍ॅक्टिव्ह मोडमधला प्रॉक्सी, जो स्वतःहून केंद्राच्या (आपल्या मुख्य सर्व्हरच्या) १००५१ पोर्टला येऊन बोलतो. त्याच कामाचं प्रोमीथिअस असेल तर २.३२ आवृत्तीपासून आलेला एजंट मोड, जो आतल्या मशीनवरचे आकडे ओढतो आणि रिमोट राइटने ४४३ वरून बाहेर ढकलतो. दोन्हीत कनेक्शन आतून बाहेर सुरू होतं. ग्राहकाच्या नेटवर्कवाल्याचा पहिला प्रश्न “आमच्याकडे आत यायला किती पोर्ट उघडायचे?” हाच असतो, आणि “एकही नाही” हे उत्तर मिळालं की बैठकीतला निम्मा ताण तिथेच संपतो. पत्त्यांचं भांडणही मिटतं. कलेक्टरच्या दृष्टीने १९२.१६८.१.१० एकच आहे, आणि केंद्राला पत्त्याशी देणंघेणंच उरत नाही. त्याला कळतं ते ग्राहकाचं नाव आणि मशीनची ओळख.

कलेक्टर कुठे ठेवायचा याला मात्र महत्त्व आहे. ज्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क राहतात तो साठा) सगळ्या व्हीएम आहेत त्याच डेटास्टोअरवर तो ठेवला, तर डेटास्टोअर भरल्याची बातमी देणाराच त्यात बुडतो. वेगळा होस्ट (व्हीएम चालवणारा खरा सर्व्हर), वेगळी डिस्क. शक्य असेल तर होस्टची स्वतःची लोकल डिस्क.

आणि बफर. झॅबिक्स प्रॉक्सीचा केंद्राशी संपर्क तुटला तर तो माहिती साठवून ठेवतो, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त एक तास. कमाल मर्यादा ७२० तास आहे. शनिवारी लाइन तुटली आणि सोमवारी जोडली, असं होऊ शकणाऱ्या कुठल्याही ठिकाणी हा आकडा निदान ७२ हवा. हिशोब करून बघायला हरकत नाही: पन्नास मशीन, प्रत्येकी शंभर आकडे, मिनिटाला एकदा, म्हणजे सेकंदाला साधारण ८३ नोंदी. तीन दिवसांच्या झाल्या दोन कोटी सोळा लाख. नोंदीला शंभर बाइट धरले तरी दोन-सव्वादोन जीबी. चाळीस जीबीच्या डिस्कला हे काहीच नाही. प्रोमीथिअसच्या रिमोट राइटचं गणित वेगळं आहे: तो लिहून ठेवलेल्या लॉगमधूनच पुन्हा पाठवतो, आणि तो लॉग साधारण दोन तासांचाच मागे असतो. त्याहून लांब खंड पडला की मधला डेटा गेला. तिथे जास्त टिकाव हवा असेल तर कलेक्टरवर पूर्ण प्रोमीथिअस ठेवून स्थानिक साठा राखावा लागतो. केंद्रात खाच राहिली तरी निदान तिथे जाऊन बघता येतं.

आता या सगळ्या कामातला खरा किचकट भाग: शांतता. देखरेखीत आकडा वाईट येणं सोपं असतं. डिस्क ९५ टक्के भरली, आला अलर्ट, संपलं. अवघड असतं ते काहीच न येणं, कारण ‘सगळं ठीक आहे’ आणि ‘काहीच पोचत नाहीये’ ही दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. प्रोमीथिअसमध्ये प्रत्येक लक्ष्याला ‘अप’ नावाचा आकडा असतो. मशीन उत्तर देत नसेल तर तो शून्य होतो. लोक ‘अप शून्य झाला तर कळव’ असा नियम लिहितात आणि निर्धास्त होतात. पण तो शून्य लिहितो कोण? कलेक्टर. कलेक्टरच मेला तर ‘अप’ शून्य होत नाही, नाहीसा होतो. नाहीशा झालेल्या आकड्याची तुलना कशाशीच होत नाही, नियम खोटा ठरत नाही की खरा ठरत नाही, आणि अख्ख्या ग्राहकाचा अंधार हिरव्या डॅशबोर्डवर सुखाने नांदतो. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी ‘हा आकडा अस्तित्वातच नाही’ हे तपासणारा वेगळा नियम लागतो, आणि त्यात ग्राहकाचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. यादीवर नसलेला ग्राहक हरवला तर कुठलंही यंत्र त्याची आठवण काढणार नाही.

शांततेचे मजले तीन. मशीन गप्प, कलेक्टर गप्प, केंद्र गप्प. पहिल्याची बातमी कलेक्टर देतो, दुसऱ्याची केंद्र. तिसऱ्यासाठी उलटा डाव लागतो: केंद्राने एक अलर्ट कायम वाजता ठेवायचा, तो बाहेरच्या, वेगळ्या जागेवरच्या एखाद्या सेवेकडे दर मिनिटाला जात राहायचा, आणि तो यायचा थांबला की त्या सेवेने फोन वाजवायचा. ही बाहेरची सेवा केंद्राच्याच रॅकमध्ये ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

कलेक्टर गप्प झाल्यावर त्याच्यामागच्या पन्नास मशीनचे पन्नास अलर्ट येऊ नयेत म्हणून दडपण्याचा नियम लावतात. प्रोमीथिअसच्या अलर्टमॅनेजरमध्ये ‘इनहिबिट’ म्हणून तो असतो: अमुक अलर्ट वाजत असेल तर तमुक अलर्ट दाबा. अनेक ग्राहक असताना यात एक सुरुंग पेरलेला आहे. कुठली लेबलं दोन्हीकडे सारखी असली पाहिजेत ते ‘इक्वल’मध्ये लिहायचं असतं. तिथे ग्राहकाचं लेबल लिहायचं राहिलं, तर एका ग्राहकाचा कलेक्टर बंद पडताच बाकी सगळ्या ग्राहकांचे मशीनचे अलर्टही दाबले जातात. चाचणीत एकच ग्राहक असतो, त्यामुळे तिथे सगळं बरोबर दिसतं. चूक उघडी पडते ती खऱ्या घरात, आणि तीही पुन्हा शांततेच्याच रूपात.

झॅबिक्सचा अनुभव याच्या उलट टोकाचा असे. तिथे ट्रिगर (अलर्ट उडवणाऱ्या अटी) केंद्रात मोजले जातात, प्रॉक्सीत नाही. लाइन तुटून जोडली की साठलेला डेटा वरातीमागून घोडं यावं तसा येतो, आणि तो यायच्या आतच ‘पाच मिनिटं माहिती नाही’ असं म्हणणारे ट्रिगर एकदम उडतात. ५.० आवृत्तीपासून ‘नोडेटा’ला, म्हणजे ‘माहिती नाही’ या अटीला, प्रॉक्सीची अवस्था कळते आणि तो उशिराच्या काळापुरता गप्प बसतो. त्याला मुद्दाम ‘स्ट्रिक्ट’ केलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ओळखीचा प्रश्नही पत्त्यांइतकाच जुना. व्हीसेंटर, म्हणजे व्हीएमवेअर कंपनीचं व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक व्हीएमला स्वतःचा क्रमांक देतो, व्हीएम-१०२३ वगैरे. हा क्रमांक त्या व्हीसेंटरपुरताच खरा. दुसऱ्या ग्राहकाच्या व्हीसेंटरमध्येही व्हीएम-१०२३ असू शकतं, आणि एकाचं गुणपत्र दुसऱ्याच्या नावावर चढतं. म्हणून केंद्रातली ओळख नेहमी ग्राहक, व्हीसेंटर आणि क्रमांक अशी तिहेरी हवी. मशीनच्या नावावर तर अजिबात विसंबू नये.

क्लोन हा यातलाच उपद्रव. कुणीतरी चालू मशीनची प्रत काढतो, पत्ता बदलतो, पण आतल्या एजंटच्या (आकडे पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) फाइलमधलं होस्टनेम तसंच राहतं. आता दोन मशीन एकाच नावाने केंद्राशी बोलतात. सीपीयूचा ग्राफ करवतीसारखा दिसतो: २२ टक्के, ८१ टक्के, २२, ८१. बघणारा म्हणतो लोड चढउतार करतोय, आणि दोन दिवस डेटाबेसच्या मागे लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच मशीनचा अपटाइमचा ग्राफ उघडायचा. अपटाइम फक्त चढतो आणि रीबूट झाला की शून्यावर पडतो. तो जर मिनिटागणिक चाळीस दिवस आणि दोन तास यांच्यात उड्या मारत असेल, तर एका नावामागे दोन देह आहेत.

मशीनच्या आतून बघायचं की बाहेरून, हा वाद मला पटत नाही. दोन्हीकडून बघावंच लागतं, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. आतला माणूस म्हणतो सीपीयू ३० टक्के, मग हे इतकं हळू का? कारण व्हीएमला काम आहे पण होस्टचा खरा कोअर मोकळा नाही. ती रांगेत उभी आहे. केव्हीएम किंवा झेन या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लिनक्सच्या आत हे ‘स्टील’ म्हणून दिसतं. व्हीएमवेअरवर ते बाहेरून, ‘रेडी’ या आकड्यात बघायचं. आणि हा आकडा भल्याभल्यांना फसवतो, कारण तो टक्क्यात नसून मिलिसेकंदात असतो. रिअलटाइममध्ये एक नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा. रेडी २,००० आला तर ते १० टक्के. पण दिवसाच्या तक्त्यात एक नमुना ५ मिनिटांचा, ३,००,००० मिलिसेकंदांचा. तिथे तेच २,००० म्हणजे पाऊण टक्काही नाही. शिवाय अख्ख्या व्हीएमचा आकडा सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज असतो. चार व्हीसीपीयू असतील तर त्या १० टक्क्यांना चाराने भागून अडीच. दर व्हीसीपीयूमागे पाचपर्यंत नजर ठेवावी, दहाच्या पुढे दुखणं समजावं. पण त्याआधी आकडा कुठल्या नमुन्यातला ते बघावं, नाहीतर सगळ्या ग्राहकांना एकच थ्रेशोल्ड लावून निम्म्यांना घाबरवून सोडाल आणि निम्म्यांना झोपवून ठेवाल.

हे २० सेकंदांचे नमुने साधारण तासभरच टिकतात. पुढे पाच मिनिटांची सरासरी उरते, आणि दहा सेकंदांचा झटका सरासरीत विरघळून जातो. कलेक्टर आत, जवळ हवा याचं हे आणखी एक कारण. विचारतानाही जपून विचारायला हवं. एका विचारणीत किती आकडे मागायचे याला व्हीसेंटरमध्ये मर्यादा आहे. मोठ्या क्लस्टरचं सगळं एकदम मागितलं की चूक परत येते, आणि काही कलेक्टर ती चूक गिळून रिकामा हात पुढे करतात.

डिस्कचं प्रकरण तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दोन टीबीचं डेटास्टोअर, त्यावर चारशे जीबीच्या दहा थिन डिस्क (भरेल तेवढीच जागा खरी घेणाऱ्या). कागदावर चार टीबी वाटून झाली. दहाही मशीन निम्मी भरली की आतून प्रत्येक जण सांगतो, माझ्याकडे निम्मी जागा मोकळी आहे. आणि बाहेर एक जीबी उरलेला नसतो. आत फाइल पुसल्याने जागा आपोआप परत मिळते असंही नाही, त्यासाठी ट्रिम किंवा अनमॅप हा ‘जागा मोकळी झाली’ असा निरोप खालपर्यंत पोचावा लागतो. जागा संपली की व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय त्या व्हीएमला थांबवून प्रश्न विचारत बसतो. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्हीसुद्धा मशीन पॉझ करतो. आतला एजंट गप्प, पिंग गप्प, पण पॉवर विचारली तर मशीन चालू. म्हणून वाटून दिलेली जागा भागिले खरी जागा हे गुणोत्तर वेगळं मोजावं, आणि डेटास्टोअरचा अलर्ट टक्क्यांपेक्षा ‘या वेगाने किती दिवस’ यावर लावावा.

स्नॅपशॉटचं (व्हीएमच्या एका क्षणाच्या जतन केलेल्या अवस्थेचं) थोडक्यात: व्हीएमवेअरचा सल्ला ७२ तासांपेक्षा जास्त एकही ठेवू नका असा आहे. कुणी मुद्दाम ठेवत नाही. बॅकअपचं काम मध्येच फसतं आणि ते मागे राहतात. आकारावर नको, वयावर अलर्ट लावा. मेमरीत लिनक्सचा ‘फ्री’ बघू नका, ३.१४ कर्नलपासून ‘मेमअव्हेलेबल’ आहे, तो बघा. आणि कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसलेली मेमरी आतून वापरात दिसत असेल तर बाहेर जाऊन बलून (होस्टने व्हीएमकडून मेमरी परत घ्यायची युक्ती) फुगलाय का ते तपासा.

आता पासवर्ड. व्हीसेंटरमध्ये वाचण्यापुरती भूमिका असलेलं खातं काढायचं, हे सगळेच करतात. पण ते खातं व्हीसेंटरच्या स्वतःच्या डोमेनमध्ये काढलं तर त्याचा पासवर्ड मूळ धोरणानुसार ९० दिवसांनी संपतो. जोडणी झाल्यावर बरोबर तीन महिन्यांनी ग्राफ थांबले की आधी कॅलेंडर उघडायचं. पासवर्ड कुणी बदलला आणि कलेक्टरला सांगितलं नाही, तर तो जुनाच पुन्हापुन्हा ठोकत राहतो. तीन मिनिटांत पाच चुका झाल्या की खातं काही काळ बंद. तेच खातं बॅकअपलाही दिलेलं असेल तर रात्रीचा बॅकअपही गेला. एका कामाला एक खातं, एवढं पाळलं तरी पुरे.

काही ग्राहकांचा नियमच असतो की बाहेर जायचं ते व्हीपीएनमधूनच. तिथे एक विचित्र लक्षण दिसतं: पिंग जातो, पोर्ट उघडतो, आणि टीएलएसची (एन्क्रिप्टेड जोडणीची) बोलणी मध्येच गोठते. छोटी पाकिटं जातात, प्रमाणपत्राचं मोठं पाकीट वाटेतल्या अरुंद जागी अडकतं, आणि ‘तुकडे कर’ असं सांगणारा आयसीएमपी निरोप एखाद्या फायरवॉलने टाकून दिलेला असतो. वायरगार्ड सहसा १४२० चा एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) धरतं. लिनक्सवर पिंगला तुकडे करू नको असं सांगून १३९२ बाइट पाठवा, त्यात शीर्षकांचे २८ मिळवले की १४२० होतात. उत्तर आलं नाही तर दहा-दहाने कमी करत जा; जिथे उत्तर येतं त्यात २८ मिळवून तोच एमटीयू लावा. दुसरीकडे, ग्राहकाची फायरवॉल टीएलएस उघडून वाचत असेल तर कलेक्टर प्रमाणपत्र नाकारतो. ते त्याचं बरोबरच आहे. फायरवॉलमध्ये अपवाद मागा. पडताळणी बंद करण्याचा पर्याय डोळ्यांसमोर असला तरी त्याला हात लावू नका.

कारण अशी केंद्रं कुणाकुणाला हवी असतात ते जगाने बघितलंय. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये घुसवलेला मागचा दरवाजा उघडकीला आला; तो असलेलं अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये कसेयाच्या व्हीएसए या दूरव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमार्गे सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांवर रॅन्समवेअर उतरलं. एका दारातून शेकडो घरात जाता येतं, एवढंच चोराला पुरतं. म्हणून कलेक्टरने वाचावं, लिहू नये. झॅबिक्सच्या एजंटमध्ये दूरून कमांड चालवणं मुळातच बंद असतं. ते सोयीसाठी उघडण्याचा मोह टाळावा. प्रत्येक कलेक्टरला स्वतंत्र किल्ली. प्री-शेअर्ड की (दोन्हीकडे आधीच ठेवलेली गुप्त किल्ली) वापरत असाल तर ३२ बाइटची, हेक्समध्ये ६४ अक्षरं. आणि तिची ‘आयडेंटिटी’ नेटवर्कवरून उघडी जाते, तेव्हा त्यात ग्राहकाचं नाव लिहू नका. मिमिर (आकड्यांचा) किंवा लोकी (लॉगचा) यांसारख्या साठ्यात टेनंटचं, म्हणजे ग्राहकाचं, नाव एका हेडरमधून येतं आणि साठा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. ते हेडर कलेक्टरने पाठवायचं नसतं. दारावरच्या गेटवेने क्लायंट प्रमाणपत्र बघून स्वतः लावायचं. नाहीतर एका ग्राहकाकडचं एक चुकलेलं अक्षर दुसऱ्याच्या ग्राफात जाऊन बसेल.

सगळं जोडून झालं की ग्राहकाला सांगून, दिवसाढवळ्या, कलेक्टरचं बाहेर जाणं फायरवॉलवर तीन तास बंद करायचं आणि घड्याळ लावून बसायचं. पाचेक मिनिटांत एक अलर्ट यायला हवा. पन्नास आले तर दडपणाचा नियम चुकलाय. एकही आला नाही तर वरचा शांततेचा परिच्छेद पुन्हा. त्याच वेळात दुसऱ्या ग्राहकाकडचं एखादं चाचणीचं मशीन बंद करून त्याचा अलर्ट येतोय ना ते बघायचं. मग लाइन उघडायची, साठलेलं वाहून यायला अर्धा तास द्यायचा आणि एका व्हीएमचा सीपीयूचा ग्राफ उघडायचा. झॅबिक्समध्ये तीन तासांची खाच पूर्ण भरली असेल तर ठीक. शेवटचा तास-दीड तास भरलाय आणि त्याआधीचा तुकडा कोरा आहे, तर बफर अजून एका तासावरच आहे.